आम्ही नाही बुवा घाबरलो!

भुताचा सिनेमा पाहून आलेल्या माणसाला ‘कसा काय होता?’ असं विचारावं आणि त्यानं सिनेमाबद्दल काही सांगावं, असं माझ्या पाहण्यात कधी घडलेलं नाही. तो स्वतःबद्दल सांगतो. ‘छे! आपण नाही बुवा घाबरलो!’ संपलं परीक्षण. म्हणजे हा गृहस्थ पैसे मोजून अंधारात जाऊन बसला तो सिनेमा पाहायला नव्हे, स्वतःच्या काळजाचा कार्डिओग्राम काढून घ्यायला! विनोदी नाटक पाहून आलेला माणूस ‘मी एकदाही हसलो नाही’ असं छाती फुगवून सांगत नाही. रडका सिनेमा पाहून कोरड्या डोळ्यांनी परतलेल्याला घरची बाई दगड म्हणते. भीती न वाटलेला तेवढा वीर! त्याला महावीरचक्र द्यायचं तेवढं सरकारच्या डोक्यातून राहून गेलेलं असतं.

या वीरांशी माझं भांडण आहे. आणि ते आज मी चव्हाट्यावर मांडणार आहे.

भांडणाचं निमित्त ‘तुंबाड’. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा १२ ऑक्टोबर २०१८ रोजी लागला आणि पाहुणा घरी कोणी नाही पाहून परत जावा तसा निघून गेला. मग १३ सप्टेंबर २०२४ ला तोच सिनेमा, त्याच रिळांतला, एक फ्रेम इकडची तिकडे न करता पुन्हा लावला, तर लोकांच्या उड्या! पहिल्या खेपेला जेवढा गल्ला जमला होता त्याहून जास्त दुसऱ्या खेपेला. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं, तर सहा वर्षांच्या मुदतठेवीवर मुद्दलापेक्षा व्याज मोठं. एवढं व्याज आम्ही देत नाही. कोणी देतो म्हणाला तर त्याच्यापासून लांब राहा. हा मुद्दा पुढे येणार आहे, तोवर ध्यानात असू द्या.

मी भिगवणला एका बँकेत कारकून आहे. शिक्षण बी. कॉम., म्हणजे साहित्यातलं काही कळण्याचा आरोप माझ्यावर कोणी करणार नाही. पण काउंटरच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षं बसून मी लोकांची मतं ऐकत आलो आहे. पैसे काढायची स्लिप भरताना माणूस तारीख विसरेल, सही विसरेल, स्वतःचा खातेनंबर विसरेल. मत द्यायला विसरणार नाही. त्यात आमचं गाव पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचं. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला उजनीचं पाणी. पाण्यात मासे आणि माशांवर टपलेले पक्षी. हिवाळ्यात ते लांब मानेचे रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात, जाताना मासळी खाऊन जातात आणि येताजाता मतं सांडून जातात. तेव्हा ‘तुंबाड’बद्दलच्या मतांचा जो साठा माझ्याकडे जमला आहे, तो एखाद्या समीक्षकाकडेही नसेल. त्या साठ्याची मी खतावणी केली. चार खाती निघाली. पाचवंही एक निघालं, पण ते शेवटी.

पहिलं खातं निर्भयांचं. यांची मुळीच गर्दी. आमच्या एका डाळिंबवाल्या खातेदारांनी ‘तुंबाड’ पाहिला तो मोबाईलवर, भर दुपारी, बागेत ठिबकच्या नळ्या जोडता जोडता. एका हातात नळी, दुसऱ्या हातात मोबाईल, कानाशी पाण्याची मोटर. ‘काय तुमचा तो शिनेमा साहेब, नुसता काळाकुट्ट! काय दिसंना, काय भ्याव वाटंना.’ आता, या सिनेमात सूर्य जवळजवळ उगवतच नाही. पाऊस, चिखल, कंदील आणि विहिरीचं तोंड, एवढ्यावर कारभार. तो पाऊससुद्धा खरा. त्याच्यासाठी या मंडळींनी एकामागून एक पावसाळे वाट पाहिली. एवढा अंधार तुम्ही उन्हात धरलेल्या काचेवर बघणार, म्हणजे तुम्हांला त्यात दिसणार काय? स्वतःचा चेहरा! पावणेदोन तास तो पाहूनही हे गृहस्थ घाबरले नाहीत म्हणतात, तेव्हा ते शूर आहेत हे मी निमूटपणे मान्य केलं.

याच खात्यात ‘पूर्वीची भुतं राहिली नाहीत’ म्हणणारे ज्येष्ठ नागरिक मोडतात. यांच्या लेखी १९८४ च्या ‘पुराना मंदिर’नंतर भारतात भूतच झालं नाही. दार करकरलं, मांजर ओरडलं, पडद्याआडून केसाळ हात आला आणि बाल्कनीतून किंकाळी आली, की पैसे वसूल. याला मी भीती म्हणत नाही. दचकणं म्हणतो. दचकायला भूत कशाला लागतं? पाठीमागून ट्रकनं हॉर्न दिला तरी माणूस दचकतो. म्हणून ट्रक-ड्रायव्हरला कोणी कलावंत म्हणत नाही. दचकणं ही रोखीची उलाढाल आहे. हातावर पडली की व्यवहार मिटला. भीती ही उधारी. ती घरी येते, जेवताना शेजारी बसते आणि रात्री अडीच वाजता वसुलीला उभी राहते.

दुसरं खातं ‘आम्ही मूळ वाचलंय’वाल्यांचं. हे लोक सिनेमाला जाताना पुस्तक काखोटीला मारूनच जातात. ‘अहो, धारपांच्या गोष्टीत हे असं नाहीच मुळी! मोडतोड केली सगळी.’ नारायण धारपांबद्दल मला नितांत आदर आहे. वाचनालयात त्यांच्या पुस्तकाचं शेवटचं पान नेमकं कुणी फाडलेलं असायचं आणि समर्थांनी शेवटी काय केलं ते कळायला दुसऱ्या वाचनालयाची वर्गणी भरावी लागायची, अशा काळात आम्ही वाढलो. पण ‘मूळ’ या शब्दाला आमच्या व्यवसायात पुरावा लागतो. तर या गोष्टीची मूळ कागदपत्रं एकदा तपासू या.

राही बर्वे यांना ही गोष्ट १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं सांगितली. ती धारपांची, ‘आजी’. धारपांनी ती बेतली स्टीफन किंग यांच्या ‘ग्रॅमा’वर. ती आली १९८४ साली. घरात एकटं पोर आणि शेजारच्या खोलीत मरणाच्या दारातली आजी, एवढाच ऐवज. किंगच्या त्या गोष्टीत ‘हस्तुर’ असं एक नाव येतं. आपल्या सिनेमातला तो हस्तर त्याच नावाचा. ते नाव किंगनं घेतलं लव्हक्राफ्टकडून, १९३१. त्याच्याआधी ते चेंबर्सकडे होतं, १८९५. आणि त्याच्याही आधी अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाच्या १८९१ च्या गोष्टीत. आता तिथं हा हस्तुर कोण असावा? मेंढपाळांचा देव! आणि देवसुद्धा चांगला, भक्ताचं ऐकणारा. आमच्या इंदापूर तालुक्यात जन्मता तर बिरोबाच्या माळावर त्यालाही एखादा शेंदराचा दगड मिळाला असता आणि पुढचा सगळा अनर्थ टळला असता. हा एकच चेक सहा जणांच्या सह्या पाठीवर घेऊन फिरत आला आहे. नाव मात्र ‘तुंबाड’, तेही श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून उचललेलं. आता तुम्ही मला सांगा, यात ‘मूळ’ कोणतं आणि मोडतोड कुणी केली? प्रत्येकानं आपली सही करून चेक पुढे दिला. तो वटला कुठे, हे पाहायचं. तो वटला वाड्यात, मराठी वाड्यात, कोकणस्थ आजीच्या खोलीत. परक्याचा चेक आपल्या शाखेत वटला तर आपण पेढे वाटायचे, की मागच्या सहीची शाई कमी निळी आहे म्हणून कटकट करायची?

तिसरं खातं भाषाभिमान्यांचं. ‘नाव तुंबाड, माणसं मराठी, दिग्दर्शक मराठी, मग बोलतात हिंदी का?’ या प्रश्नापुढे मी टोपी काढतो. प्रश्न रास्त आहे. पण विचारणाऱ्याला मी उलट एक विचारतो. काका, तुम्ही ‘लपाछपी’ पाहिला का? विशाल फुरिया यांचा, २०१७ सालचा, अस्सल मराठी भयपट. आणि कुठं घडतो? उसात! चहूकडे माणसाच्या डोक्यावर गेलेला ऊस, मधोमध एक घर, त्यात एक पोटुशी बाई. आणि उसात जे लपलं आहे ते मुलगी नको म्हणणाऱ्या आपल्याच घरांतून निघालेलं. भीमेच्या या काठावर ऊस सोडून आपण दुसरं लावतो काय? खरं म्हणजे त्या सिनेमाच्या सक्तीच्या पट्ट्या उसाच्या बिलातून कापून घ्यायला हव्या होत्या. ‘नाही बुवा, राहिलाच.’ बरं, मग ‘छोरी’ पाहिला का? २०२१ चा, हिंदी? ‘हो तर! काय जबरदस्त हो, तो उसाचा सीन!’ काका, तो त्याच दिग्दर्शकानं केलेला त्याच सिनेमाचा हिंदी अवतार. ऊस तोच. फक्त गाळप दुसऱ्या कारखान्यात झालं. आपण आपला ऊस बांधावर वाळू देतो आणि मग साखर परराज्यातली का म्हणून विचारतो.

बरं, ‘तुंबाड’चा तरी इतिहास काय सांगतो? राही बर्वे हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचे चिरंजीव. अठराव्या वर्षी, १९९७ साली, यांनी पहिला खर्डा लिहिला. पुढे सातशे पानांचा चित्रमय आराखडा काढला. सात निर्मिती संस्था ‘करू या’ म्हणाल्या आणि सातही मागे फिरल्या. २०१२ साली एकदा चित्रीकरण झालं, ते मनासारखं उतरलं नाही म्हणून पुन्हा लिहून पुन्हा केलं. एका कर्जप्रकरणाला आम्ही फार तर सात महिने लावतो आणि लोक आमच्या नावानं खडे फोडतात. या माणसाचं प्रकरण एकवीस वर्षं चाललं. आणि ते अखेर मंजूर होऊन पडद्यावर लागलं, तेव्हा आपले भाषाभिमानी कुठं होते? घरी. ‘भुताच्या सिनेमाला कोण जातंय,’ म्हणत.

चौथं खातं प्रबोधनवाल्यांचं. यांच्याबद्दल मी जपून बोलणार, कारण ही माणसं भली असतात आणि त्यांचं काम खरोखर मोलाचं आहे. ‘गुप्तधन, शाप, पिठाच्या बाहुल्या! अशानं अंधश्रद्धा बोकाळते.’ गुप्तधनाच्या नावाखाली आपल्या राज्यात काय काय अघोरी चालतं ते मला ठाऊक आहे. म्हणून तर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्ध कायदा आला आणि धन शोधण्यासाठी केलेले असले प्रकार त्यात गुन्हा ठरले. पण भाऊ, ‘तुंबाड’मध्ये ज्यांना ज्यांना धन सापडतं त्यांचं पुढे काय होतं ते बघितलंत का? ज्या आजीला हस्तरचा स्पर्श झाला तिला मरणसुद्धा येत नाही. तिच्या अंगातून झाड उगवतं. ती बिचारी आमच्याकडच्या निष्क्रिय खात्यासारखी पडून राहते. फरक एवढाच, की निष्क्रिय खातं दहा वर्षांनी तरी रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाऊन सुटतं. तिला तीही सोय नाही. हा सिनेमा पाहून कोणी कुदळ घेऊन निघाला, तर त्याला कायद्याच्या आधी चष्म्याची गरज आहे.

शिवाय भयकथा लिहिणारे सगळे भोंदू असतात, असा कोणाचा समज असेल तर तो दूर व्हावा. रत्नाकर मतकरींनी अंगावर काटा आणणाऱ्या एवढ्या गूढकथा लिहिल्या. ते १९७८ पर्यंत वीसएक वर्षं बँक ऑफ इंडियात नोकरीला होते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्या जातीला एवढा एकच मानाचा शिरपेच आहे. आणि बँकेत बसणाऱ्या माणसाला भयकथा सुचाव्यात यात मला तरी काही नवल वाटत नाही. का, ते आता सांगतो.

‘गॉथिक’ हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, काहीतरी विलायती असणार. धुकं, किल्ला, मेणबत्ती, पांढऱ्या झग्यातली बाई. आता या घराण्याचा मूळ पुरुष पाहा. होरेस वॉल्पोल या इंग्रज गृहस्थानं १७६४ साली ‘कॅसल ऑफ ओट्रँटो’ नावाची कादंबरी काढली. तीत लग्नाच्या दिवशीच आभाळातून एक राक्षसी शिरस्त्राण पडतं आणि नवरदेव त्याखाली चिरडून मरतो. आपल्याकडे मांडव पडतो, त्यांच्याकडे टोप पडला. हसण्यावारी न्या हवं तर. पण तो टोप का पडला? तर त्या राजाच्या आजानं मूळ मालकाला विष घातलं होतं आणि खोटं मृत्युपत्र करून किल्ला आपल्या नावावर चढवला होता! म्हणजे गॉथिक भयकथा जन्माला आली तीच बोगस वारसनोंदीतून. किल्ला नुसता देखावा. खरी गोष्ट सातबाऱ्याची.

हे मला कळलं तेव्हा ‘तुंबाड’ माझ्यापुढे लख्ख उलगडला. १९१८ साली आई एका मोहरेसाठी म्हाताऱ्या सरकारांच्या वाड्यात राबते. १९३३ साली मुलगा विनायक त्याच वाड्यात परत येतो. १९४७ साली तो आपल्या मुलाला बरोबर आणतो. तीन साली, तीन पिढ्या, एकच ऐवज. आईनं परत न येण्याचं वचन घेतलेलं असतं, ते मोडून हा विहिरीत उतरतो, पिठाची बाहुली पुढे करतो आणि हस्तर ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातून चार मोहरा झाडून वर येतो. चारच. थोड्याच. पुन्हा थोड्या दिवसांनी चार.

हे दृश्य पाहताना बाकीचे हस्तरकडे बघत होते. मी त्या व्यवहाराकडे बघत होतो. मोठी रोकड भरायला आलेल्या माणसाकडे आम्ही पॅन मागतो, फोटो मागतो, दर काही वर्षांनी ‘तुम्ही तुम्हीच आहात ना’ याचा दाखला मागतो. इथं केवायसी नाही, स्लिप नाही, टोकन नाही. अट एवढीच, की रिंगणाबाहेर पाऊल ठेवायचं नाही. आणि पैसे मिळतात! प्रत्येक वेळी मिळतात! विनायकराव काही दुष्ट नाहीत हो. संसारी माणूस. हिशेबी. ‘गरजेपुरतेच काढतो’ म्हणणारा. अशा माणसाचं खातं प्रत्येक शाखेत असतं. भय आहे ते इथं. तो हस्तर बिचारा भुकेला आहे. त्याला धान्य कधी मिळालंच नाही. विनायकाच्या घरी दोन वेळची चूल पेटलेली आहे आणि तरी तो विहिरीत उतरतो. मग सांगा, त्या विहिरीत भूत नेमकं कोणतं?

आता ते पाचवं खातं. हे सगळ्यांत मोठं. आणि गंमत म्हणजे पहिल्या चारही खात्यांतली माणसं यात येऊन मिळतात. सिनेमाची चर्चा संपत आली, चहाचा तळ लागला, की कोणीतरी हळूच म्हणतं, ‘पण विनायक येडाच म्हणायचा राव. चार-चार काय काढत बसला? मी असतो तर सगळा लंगोटच ओढला असता!’ आणि मग जो तो पुढे सरसावतो. कोणी म्हणतो दोन दोरखंड लावायचे. कोणी म्हणतो बाहुल्या जास्त न्यायच्या. वरची विहीर बुजवून खालून बोगदा काढू म्हणणारा एक स्थापत्य अभियंताही मी ऐकला. डाळिंबवाल्यांनी तर ठिबकची नळी सोडून एका क्षेपेला किती मोहरा याचं गणित मांडलं. प्रबोधनवाल्यांनी एवढंच विचारलं, ‘सोन्याचा तोळ्याचा भाव आज काय चाललाय?’

मंडळी, सगळा लंगोट ओढायचा ही युक्ती सिनेमातही निघते. विनायकाच्या पोराच्या डोक्यातून निघते. नेल्या तितक्या बाहुल्या, तितके हस्तर उभे राहतात आणि बापाचं काय होतं ते तुम्ही पाहिलं आहे. पोटच्या पोराला शेवटी शहाणपण येतं. चहाच्या टपरीवर येत नाही.

म्हणून मी म्हणतो, की ‘भीती वाटली नाही’ ही सिनेमाची उणीव नाहीच. तुम्हांला भीती वाटली नाही, कारण तुम्ही हिशेब करत होता. ज्याच्या बाजूनं आपण विहिरीत उतरलो, त्याच्याबद्दल भीती वाटणार कशी?

हे सगळं मी सिनेमाच्या कौतुकापोटी लिहितोय असं कोणाला वाटेल. तसं नाही. आमच्या काउंटरवर एक निवृत्त गुरुजी येत. धोतर नाही, पण धोतर नेसल्यासारखं वागणं. ‘तुंबाड’बद्दल त्यांचं मत स्पष्ट होतं. ‘लहान मुलांची गोष्ट आहे ती. राक्षस काय, मोहरा काय! आम्हांला नाही त्यात काही भयंकर वाटलं.’ पुढच्याच आठवड्यात ते मुदतठेवीची पावती घेऊन आले. मोडायची होती. एका योजनेत गुंतवणार होते. महिन्याला आठ टक्के. वर्षाला नव्हे, महिन्याला. योजनेचा माणूस गावातलाच, ओळखीचा, कपाळाला गंध लावणारा.

मी म्हटलं, ‘गुरुजी, महिन्याला आठ टक्के कोणताही सरळ धंदा देत नाही. ते तुमच्याच पुढच्या माणसाचे पैसे तुम्हांला देतात. पावती मोडू नका.’

गुरुजी हसले. मला शाळेत समजावावं तसं म्हणाले, ‘अरे बाळ, थोडेच काढतोय. आणि पहिल्या महिन्याचं व्याज मिळालंसुद्धा, हे बघ.’

हाच तो आवाज. विहिरीच्या काठावरचा. थोडेच, आणि मिळाले की!

ठेव त्यांची, सही त्यांची. मुदतीआधी मोडल्याचं व्याज कापून मी रक्कम खात्यात जमा केली. दुसऱ्या महिन्यात त्यांनी बाईंच्या पाटल्या आमच्याचकडे सोनेतारणाला ठेवल्या, थोड्याच, दोनच. चौथ्या महिन्यात योजनेच्या माणसाच्या घराला कुलूप होतं. गुरुजी आता दर सोमवारी येतात. काही भरत नाहीत, काही काढत नाहीत. पासबुक छापून घेतात. यंत्र करकरतं, आधीच्याच आकड्याखाली तोच आकडा उमटतो. ते पासबुक उजेडात धरून बघतात, घडी घालतात आणि ‘येतो रे’ म्हणून जातात. माझ्याकडे फार बघत नाहीत. पडद्यावरच्या कुठल्याही दाराचं करकरणं मी सोसू शकतो. त्या यंत्राचं नाही.

आमच्या इकडे उजनीच्या पाण्याखाली जुनी गावं आहेत. धरण १९८० साली पुरं झालं आणि भीमेकाठची घरं, वाडे, देवळं पाण्यात गेली. उन्हाळा कडक झाला, पाणी फार खाली गेलं, की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. माणसं होडीतून दर्शनाला जातात. म्हातारी माणसं ‘इथं आमचा उंबरा होता’ असं चिखलाकडे बोट करून दाखवतात आणि गप्प होतात. यापेक्षा मोठं गॉथिक दृश्य इंग्लंडात असेल तर मला दाखवा. पण त्या गप्प बसलेल्या म्हाताऱ्याशेजारी उभं राहून कोणीतरी खालच्या आवाजात विचारतंच, ‘काय हो आजोबा, खाली काही सापडलं का कुणाला?’ ‘आपण नाही बुवा घाबरलो’ म्हणणारा हाच तो गृहस्थ. आवाजावरून ओळखतो मी.

तेव्हा माझी एक नम्र सूचना आहे. यापुढे भयपटावर मत देणाऱ्याकडून आधी एक फॉर्म भरून घ्यावा. आमच्याकडे नाही तरी सगळ्याला फॉर्म असतो. रकाना एक : सिनेमा उजेडात पाहिला की अंधारात? रकाना दोन : हातात दुसरं कोणतं काम होतं? रकाना तीन : पहिल्या वेळी, २०१८ साली, आपण कोठे होता? आणि रकाना चार, ठळक अक्षरांत : आपण मोहरा किती काढल्या असत्या?

चौथ्या रकान्यात शून्य लिहिणारा माणूस ‘मला भीती वाटली नाही’ म्हणाला, तर त्याचं मत मी हात जोडून ऐकून घेईन. पण असा अर्ज अजून एकही आलेला नाही. बाकीच्यांना भीती वाटली नाही यात त्यांचा पराक्रम काही नाही. हस्तर त्यांना परका वाटतच नाही. आणि आमचा अनुभव असा, की मयताच्या खोलीत शेजारीपाजारी घाबरतात. वारस घाबरत नाहीत. ते कपाटाच्या किल्ल्या शोधत असतात.